हे सैन्य लढते कायले?

१९८८ साली गेम्स वर्कशॉप या इंग्रज कंपनीला प्रचंड आकाराच्या, दोन पायांवर चालणाऱ्या युद्धयंत्रांचा एक टेबलावरचा खेळ काढायचा होता. प्लास्टिकचा साचा बनवणं भलतं महाग, म्हणून साचा एकच बनला. डब्यात सहा यंत्रं आणि सहाही हुबेहूब सारखी. मग एकाच कारखान्यातून निघालेली यंत्रं एकमेकांवर तोफा कशाला डागतील? लेखकांनी सबब शोधली: यादवी. साम्राज्याचे दोन तुकडे झालेत, सम्राटाचा लाडका सेनापती होरस उलटलाय, म्हणून दोन्हीकडे तीच यंत्रं. साच्याच्या खर्चातून निघालेली ही सबब इतकी जमली, की २००६ ते २०२४ या काळात त्या यादवीवर पन्नासहून जास्त पुस्तकं निघाली.

युद्धखेळांच्या पुस्तकांतल्या गोष्टी बऱ्याचदा अशाच जन्मतात. आधी खेळाची नड, मग गोष्ट. तरीही त्यांतल्या काही गोष्टी माणसं वर्षानुवर्षं डोक्यात घेऊन फिरतात आणि काही पान उलटताच विसरतात. हा फरक कशानं पडतो, ते उलगडून सांगायचा हा प्रयत्न आहे.

ज्यांनी हा प्रकार पाहिलाच नाही त्यांच्यासाठी आधी थोडं. दोन खेळाडू, एक मोठं टेबल, त्यावर टेकड्या, झाडं, पडकी घरं. बोटाच्या एखाद-दोन पेरांएवढे सैनिक. चौकटी नसतात, कोण किती पुढे सरकला ते टेपनं मोजायचं, गोळी लागली की नाही ते फासे सांगतात. या खेळाच्या पुस्तकात नियम असतात, कोणत्या सैन्यात कोण घेता येईल आणि त्याला किती गुण मोजावे लागतील याच्या याद्या असतात, आणि उरलेल्या पानांत हे लोक कोण, कुठले, त्यांचं वैर कशावरून, हे असतं. खेळाडू या उरलेल्या भागाला फ्लफ म्हणतात. मी इथं पार्श्वकथा म्हणेन.

परतवाड्याच्या बाजूच्या आमच्या गावात हा खेळ पोचला तो मोबाइलवरून. दहा प्लास्टिकच्या सैनिकांच्या डब्याच्या पैशात कपाशीच्या बियाण्याच्या दोन-चार पिशव्या येतात, त्यामुळे मूर्तींचा विषय तिथंच संपला. पोरांनी सैनिकांची चित्रं छापून पुठ्ठ्यावर चिकटवली, पऱ्हाटीच्या काड्या ओल्या मातीत खोचून जंगल केलं. वरची यादवी ज्या जगात घडते, त्या वॉरहॅमर ४०,००० या खेळाचे मूळ नियम गेम्स वर्कशॉपनं फुकट दिले होते, ते उतरवून घेतले. पहिला डाव मांडला आणि पहिल्याच फेरीत नववीतल्या एका पोरानं विचारलं, "सर, हे सैन्य लढते कायले?" नियमांच्या त्या पानांत याचं उत्तर नव्हतं. जिथं रंगवलेल्या सुंदर मूर्ती आहेत तिथं हा प्रश्न मागे पडत असेल, मूर्तीच अर्धं काम करते. पुठ्ठ्याचा सैनिक टेबलावर उभा राहतो तो निव्वळ गोष्टीच्या जोरावर. म्हणून पार्श्वकथेची पारख करायला पुठ्ठेवाले खेळाडूच जास्त लायक, असं माझं मत झालंय.

सुरुवातीला या खेळांना पार्श्वकथेची गरजच नव्हती. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला प्रशियाच्या सैन्यात राइसविट्झ बापलेकांनी जो युद्धखेळ घडवला, तो खऱ्या अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी होता. शत्रू कोण आणि का, हे त्यांना ठाऊकच होतं. पुढे १९१३ साली एच. जी. वेल्स या विज्ञानकथा लिहिणाऱ्या लेखकानं खेळण्यातल्या शिशाच्या सैनिकांसाठी नियमांचं छोटं पुस्तक लिहिलं. त्यात एका लढाईचं वर्णन करता करता लेखकच अचानक बदलतो. त्याची शाई लागलेली बोटं रांगडी होतात, मिशा वाढून वर वळतात, एका डोळ्यावर तलवारीचा लालभडक व्रण उमटतो आणि उरलेली लढाई तो एका फुशारकीखोर जनरलच्या तोंडून सांगतो. जनरलसाहेबांच्या मते अर्थातच त्यांचं काही चुकलेलं नसतं. मला तर पार्श्वकथेची खरी सुरुवात इथंच दिसते. लढाई तीच, नियम तेच; पण सांगणारा आला आणि त्याच्यासोबत त्याचा तोराही आला.

खऱ्या इतिहासावरच्या खेळांना आजही फार गोष्ट लागत नाही. दुसरं महायुद्ध म्हटलं की पुरे. काल्पनिक जगाच्या खेळाला मात्र सगळं स्वतः उभं करावं लागतं, आणि तिथंच बरे-वाईट वेगळे पडतात.

वाईट पार्श्वकथा ओळखायला सोपी. ती वरून सगळं पाहणाऱ्या देवाच्या आवाजात बोलते: अमुक साली अमक्यानं तमक्या ग्रहावर हल्ला केला, लाखो मेले, अमका जिंकला. अशी शंभर पानं भरता येतात आणि त्यांतलं एकही आठवत नाही. चांगली पार्श्वकथा आपल्याकडच्या धुऱ्याच्या, म्हणजे शेताच्या बांधाच्या, भांडणासारखी सांगितलेली असते. थोरला म्हणतो धाकट्यानं पुराच्या साली धुरा सरकवला. धाकटा म्हणतो, मोजणी झाली तेव्हा थोरल्यानं मोजणीदाराला जेवू घातलं होतं. तलाठ्याचा कागद तिसरंच काही बोलतो. तिघांचं ऐकून धुरा कुठं होता हे कळत नाही, पण ते घर पुरतं कळतं. ऐकणारा नकळत एक बाजूही धरून बसतो.

हे तंत्र फार चांगलं वापरलं ते १९८४ साली अमेरिकेत निघालेल्या बॅटलटेक या खेळानं. त्यात पाच मोठी राजघराणी ताऱ्यांच्या राज्यासाठी भांडतात. एकेका घराण्याची माहिती देणारी जी पुस्तकं त्या दशकाच्या उत्तरार्धात आली, ती सरळ लेखकाच्या आवाजात नाहीत. ती त्या जगातल्याच कॉमस्टार नावाच्या संस्थेनं तयार केलेले अहवाल म्हणून समोर येतात. ही संस्था ताऱ्यांमधली सगळी संदेशव्यवस्था चालवते, बाहेरून अलिप्त संन्याशासारखी वागते आणि आतून स्वतःचा डाव खेळते. म्हणजे घराण्यांची माहिती आपल्याला देतोय तोच मुळात भरवशाचा नाही. वाचक प्रत्येक ओळ जरा तिरक्या नजरेनं वाचू लागतो. कंटाळवाणी आकडेवारीसुद्धा मग रंजक होते, कारण हा आकडा यांनी का दिला असेल, असा संशय येतो.

दुसरं उदाहरण वॉरहॅमरच्याच जगातल्या बदाब युद्धाचं. त्यावरची दोन जाड पुस्तकं २०१० आणि २०११ साली आली. हुरॉन नावाच्या सरदाराकडे एका भयंकर भोवऱ्याच्या तोंडाशी पहारा द्यायचं काम असतं. तो मदत मागतो, ती मिळत नाही. मग साम्राज्याला द्यायचा वाटा तो स्वतःच्याच फौजेसाठी ठेवून घेतो. वसुली पथक येतं, गोळी चालते, आणि बघता बघता डझनावारी फौजा त्यात ओढल्या जातात. शेवटी हुरॉन खरोखरच खलपुरुष होतो. पण पहिली तीन-चार पावलं वाचताना 'मी असतो तर काय केलं असतं' हे मनात आल्यावाचून राहत नाही. आमच्या पोरांपैकी निम्मी आजही हुरॉनच्या बाजूनं भांडतात. शेतसारा, वसुली, पहारा हे शब्द विदर्भात काही परके नाहीत.

आता पार्श्वकथेचा असा एक गुण, जो कादंबरीत दोष ठरेल: ती अर्धवट हवी. कादंबरीकार गोष्ट पूर्ण करतो. युद्धखेळाच्या लेखकाला मात्र वाचकाच्या सैन्यासाठी जागा सोडावी लागते. वॉरहॅमरच्या कथेत सम्राटानं मुळात महायोद्ध्यांची वीस सेनादलं उभारली. त्यांतल्या अठरांची नावं, सेनापती, पराक्रम, पापं सगळं लिहिलेलं आहे. दुसरं आणि अकरावं दल मात्र कोरं आहे. त्यांच्या नोंदी पुसल्या, एवढंच कळतं. का पुसल्या, त्यांनी काय केलं, याचं उत्तर कंपनीनं आजवर दिलेलं नाही आणि देऊही नये. त्या दोन रिकाम्या जागांवर खेळाडूंनी जेवढा विचार केलाय तेवढा काही भरलेल्या जागांवरही केला नसेल. शिवाय त्याच जगात या महायोद्ध्यांच्या सुमारे हजार तुकड्या आहेत असं सांगितलंय आणि मोजक्याच तुकड्यांचं नीट वर्णन केलंय. बाकीच्या तुमच्या. हवा तो रंग द्या, हवं ते नाव द्या. आमच्याकडे एकानं आपल्या तुकडीचं नाव इकडच्या किल्ल्यावरून 'नरनाळा' ठेवलंय आणि पुस्तकात त्याला अडवणारी एकही ओळ नाही.

गोष्ट आणि नियम एकमेकांशी बोलतात का, हेही बघायला हवं. त्याच खेळात ऑर्क नावाची हिरवी, भांडखोर जमात आहे. लाल रंगाची गाडी जास्त जोरात पळते अशी त्यांची पक्की समजूत. जुन्या पुस्तकांत याचा चक्क नियम होता: ऑर्कांची गाडी लाल रंगवली तर ती एक इंच जास्त सरकते. एका इंचात अख्खी जमात कळते. याच्या उलट, कथेत एकटा महायोद्धा शेकडो शत्रू कापतो आणि टेबलावर साध्या शिपायाच्या दोन गोळ्यांत आडवा होतो. यात थोडी सूट द्यावीच लागते. कथेतल्यासारखा नियम केला तर टेबलावर एकच सैनिक ठेवून खेळावं लागेल. पण अंतर फार वाढलं की वाचकाला कथा म्हणजे नुसती बढाई वाटू लागते.

बढाईवरून आठवलं. २०११ च्या एका पुस्तकात एक नायक एका महाबलाढ्य शत्रूच्या काळजावर आपल्या आधीच्या सरदाराचं नाव कोरतो आणि पुढे राक्षसांच्या दुनियेत एकटा अडकतो. तिथं राहून तो त्यांनाच झोडपतो. त्याची किंमत? काही नाही. जगभरच्या खेळाडूंनी या प्रसंगाची भरपूर टर उडवली. आमच्याकडचा शेरा एकाच ओळीचा होता: "त्याले कोनी मारूच शकत नाई, तं मंग आपन खेळाचं कायले?" समीक्षकानं याहून जास्त काय सांगावं?

असं लिहिलं का जातं, त्यामागे मोठं कारण व्यवहाराचं आहे. प्रत्येक सैन्याचं वेगळं पुस्तक निघतं आणि ते त्या सैन्याच्या मूर्ती विकण्यासाठी निघतं. त्यामुळे ज्याचं पुस्तक, तो जिंकतो. पाच पुस्तकं शेजारी ठेवून वाचली तर प्रत्येक जण सगळ्यांना हरवतो. नवी मूर्ती आली की तिला गोष्टीत घुसवावं लागतं. २०१७ साली आधीपेक्षा उंच महायोद्धे बाजारात आले, तेव्हा एक यंत्रपंडित दहा हजार वर्षं गुपचूप ते घडवत होता असं सांगितलं गेलं. बुटक्या खाणकामगारांचं एक सैन्य नव्वदच्या दशकात विक्रीतून बाद झालं, तेव्हा कथेतही त्यांना परग्रहावरच्या किड्यांनी खाऊन टाकलं. २०२२ साली तेच लोक नव्या नावानं, नव्या मूर्तींसह परत आले. मला याचा राग येत नाही. पहिलं यादवीचं उदाहरणही विक्रीतूनच जन्मलं होतं. फक्त दुकानदाराची गरज गोष्टीच्या अंगात मुरली पाहिजे. दहा हजार वर्षांच्या गुपितात ती मुरली नाही, वरच तरंगत राहिली.

कथेचं घड्याळ हा आणखी एक नाजूक भाग. २००३ साली गेम्स वर्कशॉपनं जगभरच्या खेळाडूंकडून एका मोठ्या काल्पनिक युद्धाच्या लढायांचे निकाल मागवले. लोकांनी हिरिरीनं पाठवले. पण नंतर घड्याळ जवळजवळ तिथंच थांबलं आणि त्या युद्धाच्या मध्यभागी असलेला कॅडिया ग्रह कथेत पडला तो थेट २०१७ साली. इतकी वर्षं काळ थांबला याचा फायदाही होता: जग कायम कडेलोटावर, केव्हाही काहीही होईल, म्हणून तुमची लढाई त्यात कुठंही बसते.

त्याच कंपनीच्या दुसऱ्या खेळात उलटं झालं. तलवारी-जादूचं जे जग १९८३ पासून रचत आणलं होतं, ते २०१५ साली पुस्तकांतून नष्टच करून टाकलं. त्याजागी आली आठ अफाट जगं, सोनेरी चिलखतातले अमर योद्धे आणि चार पानांचे नियम. नियमांवरून बोंब झालीच, पण कथेवरची तक्रार जास्त खोल होती. नकाशा नाही. साधी माणसं राहतात कुठं, पिकवतात काय, व्यापार कुठल्या वाटेनं होतो, काही पत्ता नाही. ज्या जगात कुणाचं शेतच नाही, त्यात वाचवायचं काय? जुन्या जगात लोकांनी आपापल्या सैन्याचं गाव नकाशावर बोट ठेवून ठरवलं होतं. ते गावच गेलं. पुढच्या आवृत्त्यांनी नव्या जगात शहरं वसवली, माणसं आणली, आणि २०२४ साली कंपनीनं जुन्या जगाचा खेळ परत बाजारात आणला.

हे सगळं दूरचं वाटत असेल तर चिखलदऱ्याजवळचा गाविलगड घ्या. या गडावर युद्धखेळाचं पुस्तक लिहायचं तर पार्श्वकथेचा कच्चा माल तयार पडलाय. १८०३ साली इंग्रज विरुद्ध शिंदे-भोसले असं युद्ध पेटलं. २३ सप्टेंबरला असईची लढाई झाली, २९ नोव्हेंबरला आपल्या अकोला जिल्ह्यातल्या अडगावची. असईला इंग्रजांच्या ज्या पलटणी तोफांपुढे टिकल्या, त्यांतल्याच काही अडगावला सुरुवातीलाच उधळल्या आणि इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीला स्वतः पुढे होऊन त्यांना परत रांगेत आणावं लागलं. आपण तिथं नसतो तर दिवस हातचा गेला असता, असं त्यानंच नंतर लिहिलं. मनोबलाचा नियम करणाऱ्यानं हे वाचायलाच हवं: पलटणीचं धैर्य हा एकदा ठरवून दिलेला आकडा नसतो.

अडगावहून निसटलेलं भोसल्यांचं पायदळ गाविलगडावर गेलं. किल्लेदार होता बेनीसिंग. वेलस्ली दक्षिणेकडे राहिला आणि कर्नल स्टीव्हनसन मेळघाटाच्या डोंगरांतून उत्तरेकडे गेला. जड तोफा जवळपास सगळी वाट माणसांनी हातानं ओढून नेल्या. १५ डिसेंबरला बाहेरच्या तटाला पडलेल्या खिंडारातून सैन्य घुसलं, पण आतला तट शाबूत होता. तेव्हा कॅप्टन कॅम्पबेलची तुकडी शिड्या लावून दरीच्या बाजूनं चढली आणि तिनं आतून दरवाजा उघडला. बेनीसिंग लढताना मेला. दोन दिवसांनी, १७ डिसेंबरला, देवगावचा तह झाला. वर्धेच्या पश्चिमेचा वऱ्हाड भोसल्यांच्या हातून गेला, आणि एवढी माणसं ज्यासाठी मेली तो गाविलगड मात्र नरनाळ्यासह भोसल्यांकडेच राहिला.

हे मी वर देवाच्या आवाजात सांगितलं, म्हणून माहिती मिळाली पण बाजू घ्यावीशी वाटली नसेल. पुस्तकात हीच घटना तीन तोंडांनी यावी. एक वेलस्लीचा तोऱ्यातला अहवाल. एक गडाच्या आतला आवाज, अडगावची हार पाहून वर आलेल्या एखाद्या जमादाराचा. हा रचावा लागेल, कारण सहज वाचायला मिळतं ते बहुतेक जिंकणाऱ्याच्या लेखणीतलं. आणि रचलेला आहे हे वाचकाला स्पष्ट सांगावं. तिसरा आवाज डोंगरातल्या कोरकू माणसाचा, ज्याच्या पायवाटेवरून या तोफा गेल्या आणि ज्याला या भांडणात दोन्हीकडून काही मिळणार नव्हतं. तहाची बातमी तिघांपर्यंत वेगवेगळ्या दिवशी पोचावी. आणि एक जागा कोरी सोडावी: त्या दिवशी दरीकडच्या तटावर पहारा कोणाचा होता?

आमच्या पोरांनी गाविलगडाचा पुठ्ठ्याचा नकाशा केला, तेव्हा इंग्रज व्हायला कोणीच तयार होईना. शेवटी एकाला स्टीव्हनसनचं पान वाचायला दिलं. तोफा हातानं ओढल्याचं वाचून तो म्हणाला, "हे मी घेतो." आता त्याच्या सैन्यात दोर ओढणाऱ्यांची एक तुकडी आहे. पहिल्या चार फेऱ्या ती एकही गोळी झाडत नाही, नुसती तोफ सरकवते. पुढे चालायला त्यानं एक वाटाड्या जोडला, तोही कल्पनेतला. वाटाड्या पडला तर तोफ जागेवरच थांबते. यावर गडाच्या बाजूच्या पोरानं हरकत घेतली: "पन सर, वाटाड्या आमच्याकडचा असू शकते नं? त्यानं मुद्दाम चुकीच्या नाल्यात नेलं तं?" या नियमावर गेल्या रविवारी अंधार पडेपर्यंत वाद झाला. अजून ठरलेलं नाही.